पहिल्या धवल्याचं उत्तर

वसई,
१८ जानेवारी २०२४

ती. दादास,
रंजिताचा सा. न. वि. वि.

तू माझा नंबर ब्लॉक केल्याला दोन दिवाळ्या झाल्या, म्हणून हे पत्र. पोस्टमनला तुला ब्लॉक करता येत नाही. अक्षर ओळखून फाडणार असशील तर फाडण्याआधी एवढंच वाच, की आभाचं लग्न ठरलं.

मुलगा आमच्याच वसईचा, ऑल्विन नाव. न्हावा शेव्याला कंटेनरच्या कंपनीत आहे, माणूस शांत आहे, आभाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतो, म्हणजे आपल्या घरात कुणाला जमलं नाही ते त्याला जमतं. लग्न १२ मे रोजी चर्चमध्ये, आदल्या दिवशी आमच्या दारात मांडव आणि हळद. आभा खारघरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, दर रविवारी तुझ्याकडे करंजाड्याला येऊन आजीच्या हातची भाकरी खाते, तेव्हा तिने तुला सांगितलं असेलच. तुझ्या घरात ती चालते, मी चालत नाही. असो.

माझं मागणं एकच आहे. हळदीला आईने लग्नाचा धवला गावा आणि तू मामा म्हणून बसावंस. पनवेलपासून उरणपर्यंतच्या आगरी घरांत आईशिवाय लग्न लागत नसे. कुठल्या कुठल्या गावांतून बैलगाडी, मग रिक्षा, मग सुमो यायची धवलारणीला न्यायला. आणि त्या धवलारणीची स्वतःची पोर मात्र धवल्याविना गेली. का, ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि आपल्या जुन्या घराच्या कडीलाही ठाऊक होतं.

पहिला धवला आठवतो ना? धरती नव्हती, आभाळ नव्हतं, तेव्हा काय होतं, असं आई गाऊन विचारते. नवरीचा मामा वाकून आईच्या कानात उत्तर देतो. ते पटलं तरच ती हळदीची वाटी त्याच्या हातात देते, आणि मामाने लावल्याशिवाय इतरांची हळद लागत नाही. ते उत्तर आजवर कुणालाच ऐकू आलेलं नाही. मांडवाच्या मेढीला टेकून आपण दोघं पैजा लावायचो. तू म्हणायचास पाणी, मी म्हणायचे काळोख, आणि आई दोघांच्या पाठीत धपाटा घालायची.

या वेळी मात्र उत्तर मोठ्याने, माईकवर द्यायचं. आमच्याकडची शेदीडशे माणसं ऐकायला असतील. आणि ख्रिस्ती घरातल्या मांडवात उत्तर एकच असू शकतं, की देव होता. तुला हे जड जाऊ नये, कारण आता तुझं विज्ञानही तेच सांगतंय. विश्वाला सुरुवात होती. सुरुवात होती म्हणजे सुरू करणारा होता. इतकं सोपं आहे, फक्त तुझ्या अहंकाराला ते गिळवत नाही.

आईला नमस्कार, मैनावहिनीला सांग की तिच्या पापडांची आठवण येते. पत्राचं उत्तर पाठव, शिव्या असल्या तरी चालतील. लोभ आटला असेल तर तळाशी उरला असेल तेवढा असू दे.

तुझी,
रंजिता

*

करंजाडे, पनवेल,
२९ जानेवारी २०२४

रंजितास,

आशीर्वाद पाठवत नाही, कारण ते पोचतात याचा पुरावा नाही.

तुझ्या पत्राला दहापैकी तीन गुण दिले आहेत. तेही अक्षराबद्दल. आशयाला शून्य. सुरुवात होती म्हणजे सुरू करणारा होता, हे वाक्य माझ्या नववीच्या वर्गात कुणी उच्चारलं असतं तर त्याला मी बाकावर उभं केलं असतं. तू तर माझ्या हाताखाली शिकलेली. गावातली पहिली बी. एस्सी. झालेली मुलगी. त्या डोक्यावर कुणीतरी पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि आतलं सगळं वाहून गेलं.

ऐक. विश्वाला सुरुवात नाही आणि शेवट नाही. ते होतं, आहे आणि राहील. मी चौतीस वर्षं शाळेत हेच शिकवलं, पाठ्यपुस्तकात दुसरं काही छापलेलं असतानासुद्धा शिकवलं. सुरुवात हा शब्द उच्चारला की दाराशी पाद्री येऊन उभा राहतो, आणि तो आत आला की उठता उठत नाही. माझ्या बहिणीच्या बाबतीत हा प्रयोग यशस्वी झालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आपल्या दुर्बिणीची आठवण करून देतो. ती पांढरी नळी तुझ्या हट्टामुळे मी मुंबईहून भिंगं आणून बनवली. गच्चीवर तू रात्र रात्र तिला डोळा लावून बसायचीस, शनीची कडी दिसली तेव्हा शेजारीपाजारी जागे केले होतेस. आणि जाताना तिच्यावर पिवळी बोटं पुसून गेलीस. गाव विमानतळात गेलं, घर पडलं, सामान इकडे आलं, पण त्या नळीवरचा तो पिवळा डाग काही जात नाही. रॉकेलने घासतो, राखेने घासतो. दरवेळी तुझी आठवण येते आणि ती चांगली नसते.

आईचं वय शहाऐंशी आहे. गळ्यात आवाज राहिलेला नाही. तिला वसईच्या मांडवात नेऊन तुझ्या पाद्र्यांपुढे नाचवण्याचा माझा विचार नाही. आभाच्या लग्नाला मी येईन की नाही हे ठरवलेलं नाही. आलोच आणि तुझा माईक समोर आला, तर मी काय म्हणेन ते वर लिहिलंच आहे.

लोभाची मागणी करत नाही आणि पुरवठाही नाही.

का. बा. घरत
(निवृत्त विज्ञान शिक्षक)

*

वसई,
९ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बहिणीला पत्र लिहिताना खाली निवृत्त विज्ञान शिक्षक लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. शिक्का मारायचा राहिला तेवढा.

सुरुवात म्हटलं की दाराशी पाद्री उभा राहतो म्हणालास. अरे, तो दाराशी नव्हता, घर त्यानेच बांधलं होतं! विश्व एका बिंदूसारख्या अवस्थेतून पसरत आलं, हा विचार गणिताने मांडणारा माणूस बेल्जियमचा कॅथलिक पाद्री होता. सकाळी चर्चमध्ये मिस्सा करायचा आणि नंतर समीकरणं. तुझ्या पाठ्यपुस्तकाने हे तुला सांगितलं नसेल, की सांगितलं आणि तू ते पान चिकटवून टाकलंस?

आणि अनादि-अनंताचं मला काय सांगतोस? आपल्या गावाला कुणीतरी पहिला बांध घातला तेव्हा ते सुरू झालं, आणि आता तिथे धावपट्टी आहे. माणसाला सुरुवात, गावाला सुरुवात, फक्त विश्वाला नाही, कारण तसं असलं तर काशिराम गुरुजींना हात जोडावे लागतील.

तुला वाटतं मी इथे येऊन सुखाने आंधळी झाले. तीस वर्षं मी या गल्लीत पनवेलवाली आहे. माझी नणंद अजून बघते, की क्रूसाची खूण करताना माझा हात आधी डाव्या खांद्याला लागतो की उजव्या. बायबल मी त्यांच्यापेक्षा जास्त वाचलंय, ते माझं भांडवल नाही, माझं नवखेपण समजलं जातं. म्हणून मला माईक हवाय, दादा. सगळ्यांत हट्टी नास्तिक माझा भाऊ, त्याने भर मांडवात देवाचं नाव घेतलं, तर माझ्याकडे बोट दाखवायला कुणी उरणार नाही. बघ, खरं ते लिहून टाकलं. आता यालाही गुण दे.

नळीला मी कधीही पिवळी बोटं पुसली नाहीत. तुझ्या दुर्बिणीला मी हात धुतल्याशिवाय शिवत नसे, तूच शिकवलं होतंस. स्वतःच्या जेवणाचा डाग बहिणीच्या नावावर टाकू नकोस.

आईला तू अडवणार असशील तर तसं तोंडाने सांग, वयाच्या आणि आवाजाच्या आड लपू नकोस. तुझ्या मनात माझ्याबद्दल जे काही असेल ते असो, आभाबद्दल तरी माया राहू दे.

रंजिता

*

करंजाडे, पनवेल,
२० फेब्रुवारी २०२४

रंजितास,

बेल्जियमच्या पाद्र्याची माहिती मला तू जन्मायच्या आधीपासून आहे. म्हणूनच तर. ज्या माणसाचा पगार उत्पत्तीच्या गोष्टीवर चालतो, त्याने गणित करून उत्पत्तीच काढून दाखवावी यात मला आश्चर्य वाटत नाही. मिठागराचा मालक समुद्र गोड आहे असं कधी सांगेल का?

तुझ्या पत्रातला नणंदेचा परिच्छेद मी दोनदा वाचला. तू जिथे गेलीस तिथे तुला जागा मिळाली नाही, याचं मला दुःख होईल अशी तुझी अपेक्षा असेल. मला राग येतो. इतकी वर्षं राहून ज्यांना तुझी खूण पटत नाही, त्यांच्यासमोर तुला भावाची शेंडी कापून दाखवायची आहे. ती मिळणार नाही.

तेव्हा तोंडाने सांगतो. आई येणार नाही. आणि आई आली तरी मामाच्या उत्तराशिवाय ती हळदीला हात लावत नाही, हे तू स्वतःच लिहिलं आहेस. मी देवाचं नाव घेणार नाही. विश्व अनादि आहे, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे. ते मांडवात चालत नसेल तर आभाने तुमच्या पद्धतीने लग्न करावं आणि सुखी व्हावं. ती मुलगी चांगली आहे, तुझ्यापेक्षा कमी बोलते.

पुढे पत्र पाठवू नये.

का. बा. घरत

*

खारघर,
३ मार्च २०२४

ती. मामांस आणि ती. आईस,
आभाचा नमस्कार.

एकच पत्र लिहून दोन झेरॉक्स काढल्या आहेत. मामा बोलताना मध्येच तोडतात आणि आई बोलताना रडते, म्हणून कागद. दोघांचीही पत्रं मी वाचली. मामांची आईने दाखवली, आईची करंजाड्याला आजीच्या उशीखाली सापडली. तिला वाचता येत नाही, पण आईची पत्रं आली की ती उचलून ठेवते.

मामा, तुम्ही मला सहावीत असताना चंद्रावरचे खड्डे दाखवलेत म्हणून मी आज हा विषय शिकवते. तुमचा सिद्धांत वाईट नव्हता, मोठमोठी माणसं त्या बाजूला होती. पण विश्वाच्या त्या तापलेल्या बाळपणाचा उरलेला उजेड आकाशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून येताना सापडला, साठ वर्षांपूर्वी. जुन्या टीव्हीवर स्टेशन नसताना मुंग्या दिसायच्या, त्यातसुद्धा त्याचा अंश असायचा. ते कुण्या पाद्र्याने दिसायला लावलं नाही. सिद्धांत कुणी मांडला यावरून तो खोटा ठरत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मग तुम्ही काय केलंत, मामा? दाराशी कोण उभा आहे ते बघून दारच बंद केलंत.

आई, तू हसू नकोस. आमचं गणित मागे मागे जातं आणि एका ठिकाणी थांबतं. त्याच्या आधी काही होतं का, आधी या शब्दाला तिथे अर्थ तरी आहे का, हे कुणाला माहीत नाही. तू त्या न कळलेल्या जागेत घाईघाईने देवाला नेऊन बसवतेस. उद्या कुणी आणखी थोडं मागचं शोधून काढलं, तर देवाला उठवून कुठे ठेवशील? माझाही विश्वास आहे, मी चर्चमध्ये लग्न करते आहे ते कुणाच्या दबावाने नाही. पण माझा विश्वास त्या गणितावर टांगलेला नाही.

आता माझं ऐका. तुमच्या भांडणात माझी हळद तुम्ही दोघांनी वापरायला काढली आहे. मला आजीचा धवला हवा आहे. तो नसेल तर मी हळद लावून घेणार नाही, कोरडीच चर्चमध्ये जाईन, आणि का कोरडी गेले हे विचारणाऱ्या प्रत्येकाला तुम्हा दोघांची नावं सांगेन.

चिडलेली, तरीही तुमचीच,
आभा

*

करंजाडे,
१० मार्च २०२४

काश्या आनि रंजे,

ही आभा लिवतेय, मी सांगतेय. तिला बोल्लेय, मी जसा बोलेन तसाच लिव, सुधारू नको.

तुमी दोगांनी माजे धवल्याचा काय तमाशा मांडलाय? एक बोलतेय देव सांगा, एक बोलतोय कायतरी अनादि सांगा. मना कोनी इचारला? धवला माजा हाय. माजे आयशीनं मना दिला, तिला तिचे आयशीनं दिला. तुमचे पुस्तकातून नाय आयला आनि चर्चमधून पन नाय आयला.

माईक नको. मामाचा तोंड हाय, माजा कान हाय, मधी माईक कनाला?

पयल्या धवल्याला उत्तर एकच हाय. ता मी आजवर कोनाला सांगलं नाय, तुमाना पन सांगनार नाय. मामानं आपून काढायचा. कोनाला लवकर येतं, कोनाला येल लागतो. एका तलाठीमामानं त पार जेवनं थंड केली व्हती. बरोबर आयला त हलद, नाय आयला त नाय. आनि मामानं भायेर सांगला त लावलेली हलद उतरते, ता ध्यानात ठेवा.

काश्या, रंजीचे लग्नाला तू दाराला कडी लावलीस. तिचा मामा, माजा भाव, टोपी घालून दारात उभा व्हता, त्याला पन परत धाडलास. मी काय बोल्ले नाय. तुजा बाप नव्हता, तू घर चालवीत व्हतास, मी गप रायली. आता गप रानार नाय. माजे पाय हायत, एस्टी हाय, मी वसईला जातेय. तुना यायचा त ये.

रंजे, तू बी काय कमी नाय. माजे पोराचे तोंडातून तुजे सासरच्यांना दाखवायला देव काढू नको. देवाला तुजे नंदंची भीती नाय.

माजा गला बसलाय. एक हलद लावायची रायलीय, ती लावू द्या. मंग भांडा, मरेस्तवर भांडा.

तुमची आय,
गुणाबाई

*

वसई,
२ एप्रिल २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पाठवू नये असं लिहिलं होतंस. पाठवलंय.

आईच्या पत्रावर मी दोन आठवडे धुमसत होते. मग ईस्टर झाल्यावर आमच्या फादरकडे गेले, म्हटलं निदान तिथे तरी कुणी माझ्या बाजूने बोलेल. फादर जोएल वयाने माझ्याहून लहान, पण रोममध्ये शिकून आलेले. त्यांना मी सगळं सांगितलं, पाद्र्याचा सिद्धांत, सुरुवात, तुझा हेका. वाटलं, शाबासकी मिळेल.

त्यांनी माझी शाळा घेतली. म्हणाले, एकदा खुद्द पोपनी भाषणात या सिद्धांताचा देवाच्या बाजूने उपयोग केला, तेव्हा तो बेल्जियमचा पाद्रीच अस्वस्थ झाला होता. त्याचं म्हणणं होतं, की हे गणित आस्तिकाचंही नाही आणि नास्तिकाचंही नाही. वर फादर असंही म्हणाले, की जगाला सुरुवात होती हे तर्काने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचं, असं आमच्या एका मोठ्या संताने कित्येक शतकांपूर्वी लिहून ठेवलंय. देवाने जग निर्माण केलं म्हणजे एकदा धक्का देऊन सोडून दिलं असं नव्हे, या क्षणीही त्याने धरून ठेवलंय म्हणून ते आहे, मग सुरुवात असो की नसो. मी विचारलं, तर मग मी भावाला काय सांगू? ते म्हणाले, भावाला जेवायला बोलवा.

मी त्यांच्यावरही चिडले आहे. माझ्या बाजूला आता कुणीच नाही, ना सासरचे, ना माहेरचे, ना फादर, ना पोटची पोर. तू मात्र यात तुझा विजय बघू नकोस. तुझी शिष्या तुझ्याविरुद्ध गेली आणि माझा धर्मगुरू माझ्याविरुद्ध गेला, हिशोब बरोबरीत आहे.

माईक काढून टाकायला सांगितला आहे. काय उत्तर द्यायचं ते तुझं तू दे, अनादि म्हण नाहीतर आणखी काही. मला आता फक्त आई तिथे बसलेली हवी आहे. आणि दादा, या वेळी दाराला कडी लागली तर मी स्वतः करंजाड्याला येईन, आणि कडी उघडायला माझ्यासोबत माझी नणंद असेल. तिचे दंड तू पाहिलेले नाहीस.

राग असला तर राग, पण काहीतरी असू दे.

रंजिता

*

करंजाडे, पनवेल,
१६ मे २०२४

चि. सौ. रंजितास,
अनेक आशीर्वाद. (पुरावा अजून मिळालेला नाही.)

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. आईला जरा कणकण आहे, पण ती खूश आहे, दिवसभर शेजारणींना तुझ्या मांडवाचं वर्णन सांगते आणि दरवेळी मांडव थोडा मोठा होतो.

आधी तक्रारी. तुमचा बँडवाला बहिरा आहे आणि त्याला सगळं गाव बहिरं करायचं आहे. तुझी नणंद मला तीन वेळा वाढून गेली, नाही म्हटलेलं तिला ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी मी चर्चमध्ये आलो नाही हे तू पाहिलंसच. बाहेर चिकूच्या झाडाखाली बसून कर्ण्यावर सगळं ऐकलं. फादरने विज्ञानाला हात लावला नाही, त्याबद्दल त्याला माझे आभार कळव. मात्र प्रवचन लांबलं.

आता हळदीबद्दल. तू मेढीशी उभी होतीस, म्हणून तुला दिसलं पण ऐकू आलं नाही. आईने दोनदा मान हलवली तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या चेहऱ्यावर मला पुन्हा तोच कडी लावलेला दरवाजा दिसला. तुला वाटलं, मी मुद्दाम अडवतो आहे. तसं नव्हतं. आई म्हणते की उत्तर बाहेर सांगितलं तर लावलेली हळद उतरते. याला कसलाही आधार नाही, म्हणून तुला सांगतो.

पहिल्यांदा मी जे ठरवून आलो होतो तेच म्हणालो, विश्व अनादि आहे. आईने मान हलवली आणि पुन्हा ती ओळ गायली, आवाज नव्हताच, नुसती हवा. समोर पाटावर आभा बसली होती. पिवळं लुगडं, माझ्याकडे वर बघत होती, सहावीत दुर्बिणीशी बसायची तशीच. त्या पोरीला कोरडी पाठवायला माझी छाती होईना. मग मी वाकलो आणि आईच्या कानात म्हणालो की देव होता. हो, म्हणालो. तुझं उत्तर, शब्दाला शब्द. तुझ्या सासरच्यांना कळवायचं नाही.

आईने पुन्हा मान हलवली.

तुझ्यावर इतकी वर्षं राग धरला, पण त्या क्षणी तुझ्याबद्दल फार वाईट वाटलं. म्हणजे तूही नापास. ज्यासाठी आपण एकमेकांची तोंडं बघितली नाहीत ते दोन्ही कागद कोरे निघाले. पाठीमागे माणसं खाकरायला लागली, माझे गुडघे दुखत होते, डोक्यात काही उरलं नव्हतं. आये, मना ठाव नाय, असं माझ्या तोंडून निघून गेलं. शाळेत जायच्या आधीची भाषा होती ती, मी ती कितीतरी वर्षं बोललो नव्हतो. आई हसली आणि तिने हळदीची वाटी माझ्या हातात दिली.

एवढंच उत्तर आहे, रंजे. चौतीस वर्षं वर्गात उभा राहिलो, हे एक वाक्य एकदाही म्हणालो नाही. तुझ्या फादरला विचार, त्याला येतं का.

परत येताना गाडीत आई अर्धवट झोपेत बोलत होती. मी तिला विचारलं, की रंजीची हळद राहिली याचं तुला अजून वाटतं का. तर ती म्हणाली, राहिली कुठे, लावली की. मला वाटलं ती झोपेत आहे. पण तिने सगळं नीट सांगितलं. तुझ्या लग्नाच्या दिवशी दाराला कडी लावून मी ओटीवर पेपर वाचत बसलो होतो. आत ती काहीतरी पुटपुटत होती, मी ओरडून गप्प केलं होतं, ते मला आठवतं. ती धवला म्हणत होती. पहिल्या धवल्याचा प्रश्न तिने विचारला आणि मामाला मी परत पाठवलं होतं म्हणून त्याच्या जागी तिनेच उत्तर दिलं. मग हळद लावायला तू नव्हतीस. घरात तुझा हात सगळ्यांत जास्त ज्या वस्तूला लागला होता, ती तिने खाटेखालून ओढून काढली आणि तिला हळद लावली.

घरी आल्यावर मी नळी बाहेर काढली. डाग बोटांचाच आहे. चार बोटं आणि एक अंगठा, तुझ्या हातापेक्षा रुंद. इतकी वर्षं रॉकेल घालून मी तुझी हळद घासत होतो आणि ती उतरली नाही.

दुर्बीण तुझी आहे. टपालाने पाठवता येण्यासारखी नाही आणि आभाकडे देणार नाही. न्यायला तुला या घरी यावं लागेल. दाराला आता लॅच आहे, कडी नाही, बेल दोनदा दाबावी लागते. भांडायला विषय पुष्कळ उरले आहेत, ते मी संपू देणार नाही. पावसाआधी ये, म्हणजे गच्चीवरून काहीतरी दिसेल.

लोभ होता, आहे. आधी किती होता ते मना ठाव नाय.

तुझा,
दादा